रेफरल डेंटिस्टने केलं, मग फोन कोणाला करायचा?

मागच्या वर्षी इथे इंग्लंडमध्ये एका शनिवारी नवरा दात साफ करून घ्यायला गेला आणि येताना अर्जंट कॅन्सर रेफरल, म्हणजे कॅन्सरच्या संशयावरून हॉस्पिटलला तातडीची पाठवणी, घेऊन आला. डेंटिस्टने म्हणे छोटा आरसा आत घातला, गॉजच्या तुकड्याने गाल बाहेर ओढला, डाव्या बाजूला शेवटच्या दाढेपाशी बराच वेळ बघत बसली, मग फोटो काढला आणि मग विचारलं, पान वगैरे खाता का? हा म्हणाला नाही. पान खात नाही हे खरंच आहे, पण गाडीच्या कप होल्डरमध्ये भाजक्या सुपारीची डबी बारा महिने असते ती कोण खातं हे मी घरी आल्यावर विचारलं. असो. गालाच्या आतल्या बाजूला पांढरट चट्टा होता, मध्ये थोडा लाल, आणि तिने तिथल्या तिथे हॉस्पिटलच्या मॅक्सिलोफेशियल (तोंड-जबड्याच्या) डिपार्टमेंटला रेफर केलं, म्हणाली दोन आठवड्यांत फोन नाहीतर लेटर येईल.

आलंच नाही. सोळाव्या दिवशी मी आमच्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, फोन लावला तर रिसेप्शनिस्ट म्हणे आमच्या सिस्टिमवर असं काहीच नाहीये, तुम्हाला नक्की कोणी रेफर केलं? तेव्हा माझी ट्यूब पेटली की आपण चुकीच्या दारात उभे आहोत.

हा लेख त्यातून आलाय. लंडन परिसरातल्या स्लाऊ-हाउन्स्लो-हॅरो पट्ट्यात नवीन आलेली आपली मंडळी सगळं जीपीमार्फतच होतं असं धरून चालतात, आणि बहुतेक वेळा होतंही तसंच, पण कॅन्सरचा संशय जीपी सोडून बऱ्याच जणांना येऊ शकतो, डेंटिस्ट, चष्म्याचं दुकान, ए अँड ई (हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग), स्क्रीनिंगवाले, दुसऱ्याच आजारासाठी दाखवलेला कन्सल्टंट (हॉस्पिटलमधला स्पेशलिस्ट डॉक्टर), आणि तेव्हा कागद वेगळ्या वाटेने जातात. जीपीचं रेफरल असलं की मध्ये निदान एक माणूस असतो ज्याच्या स्क्रीनवर ते दिसतं. बाकीच्या वाटांवर ते सूत्र तुमच्या हातात असतं, आणि हे तुम्हाला कोणी सांगत नाही. खालचं सगळं मुख्यतः इंग्लंडबद्दल आहे, वेल्स-स्कॉटलंडचं शेवटाकडे थोडं लिहिलंय.

आधी 'अर्जंट'चा अर्थ

पूर्वी याला 'टू वीक वेट' म्हणायचे, १९९९ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या संशयापासून सुरू झालं आणि २००० मध्ये बाकीच्या कॅन्सरना लागू केलं. ऑक्टोबर २०२३ पासून इंग्लंडमध्ये ते टार्गेट काढून टाकलंय, पण स्टाफच्या तोंडात अजूनही तेच असतं, त्यामुळे कोणी 'टू डब्ल्यू डब्ल्यू केलंय' म्हणालं तर गोंधळू नका. आता तीन घड्याळं आहेत. पहिलं २८ दिवसांचं, म्हणजे हॉस्पिटलला रेफरल मिळाल्यापासून २८ दिवसांत तुम्हाला 'कॅन्सर आहे' किंवा 'नाही' हे सांगायचं. दुसरं ६२ दिवसांचं, रेफरलपासून पहिल्या ट्रीटमेंटपर्यंत. तिसरं ३१ दिवसांचं, ट्रीटमेंटचा निर्णय झाल्यापासून ती सुरू होईपर्यंत. ही सगळी टार्गेटं आहेत हो, गॅरंटी नाही. ६२ दिवसांचं टार्गेट १०० पैकी ८५ जणांसाठी पाळायचं असं आहे आणि देशपातळीवर ते गेली कित्येक वर्षं गाठलेलं नाही, त्यामुळे ६३ व्या दिवशी कोणी येऊन माफी मागेल या भ्रमात राहू नका. पण २८ चा आकडा लक्षात ठेवा, फोनवर बोलताना तो फार कामाला येतो.

आणि घाबरायचं किती? अर्जंट रेफरल झालेल्या दर १० जणांत ९ पेक्षा जास्त लोकांना कॅन्सर निघत नाही. इथे मुद्दामच उंबरठा खाली ठेवलाय. नाइस (इथे उपचारांच्या गाइडलाइन ठरवणारी संस्था) हिच्या २०१५ च्या गाइडलाइनमध्ये साधारण हिशोब असा धरलाय की लक्षणांवरून कॅन्सर असण्याची शक्यता ३ टक्के असली तरी पाठवा. म्हणजे डॉक्टर 'अर्जंट' म्हणाला याचा अर्थ त्याला काहीतरी दिसलंय आणि तो वेळ घालवणार नाहीये, बास एवढाच. हे मी सासूबाईंना पुण्याला फोनवर समजावून सांगितलं तरी त्यांनी त्याच संध्याकाळी गणपतीला नवस बोलून टाकला, तो भाग वेगळा.

डेंटिस्टकडून

आपल्या लोकांसाठी हा मार्ग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर. तंबाखू, मिश्री, गुटखा याबद्दल सगळ्यांना माहितीये, पण नुसती सुपारी, तंबाखू न घालता, हीसुद्धा कॅन्सरला कारण ठरते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय आणि तरी आपल्याकडे ती 'जेवणानंतरची' म्हणून चालते. सुपारीने तोंड हळूहळू आवळत जातं, मोठा घास घेता येत नाही, तिखट लागलं की आग होते. हे असलं काही होत असेल तर डेंटिस्टला स्वतःहून सांगा, कारण इथल्या प्रत्येक डेंटिस्टला सुपारी म्हणजे काय ते माहीत असेलच असं नाही, आणि 'पान खाता का' याला 'नाही' म्हणून मोकळं होऊ नका.

तीन आठवड्यांपेक्षा जास्त न भरलेला तोंडातला व्रण, ओठावर किंवा तोंडात गाठ, लाल किंवा लाल-पांढरा चट्टा, मानेत न जाणारी गाठ. यातलं काही असेल तर डेंटिस्टने बघायला हवं. गंमत म्हणजे तोंडातल्या गाठी-चट्ट्यांसाठी गाइडलाइन जीपीलाच सांगते की आधी अर्जंट डेंटिस्टकडे पाठवा, म्हणजे इथे डेंटिस्टचा नंबर जीपीच्या पुढे आहे. आणि डेंटिस्ट थेट हॉस्पिटलला रेफर करू शकतो, तुम्ही त्याच्याकडे एनएचएसवर (सरकारी आरोग्यसेवेवर) असा की प्रायव्हेट पैसे भरून असा. 'मी इथे प्रायव्हेट पेशंट आहे तर रेफरलही प्रायव्हेट होईल का' असं आमच्या ग्रुपवर एकाने विचारलं होतं, तर नाही, एनएचएसला पाठवा म्हणून सांगायचं.

आता अडचण. डेंटिस्टचा कॉम्प्युटर आणि जीपीचा कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत. रेफरल फॉर्मवर तुमचा पत्ता-फोन जातो तो डेंटिस्टच्या रेकॉर्डमधला. आमचं नेमकं तिथेच फसलं. घर बदलून दोन वर्षं झाली, जीपीकडे नवा पत्ता दिलेला, बँकेत दिलेला, कौन्सिलला दिलेला, डेंटिस्टकडे कोण देतो? लेटर जुन्या फ्लॅटवर गेलं, मोबाइल नंबरही जुन्या सिमचा. अपॉइंटमेंट बाराव्या दिवसाची होती आणि आम्हाला पत्ताच नाही, हॉस्पिटलच्या रेकॉर्डवर 'पेशंट आला नाही' अशी नोंद. दुसरीकडून एक फोन करून बघावा असं तिथल्या कोणाला वाटलं नाही याचा राग मला अजून आहे, पण पत्ता न बदलणं ही चूक आमचीच.

चष्म्याच्या दुकानातून

ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे नुसता नंबर काढणारा माणूस नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो काढतात त्यात कधी तीळासारखा डाग दिसतो, बहुतेक वेळा तो निरुपद्रवी असतो आणि 'वर्षाने परत बघू' म्हणून सोडतात, पण संशय आला तर डोळ्यांच्या हॉस्पिटलला पाठवतात आणि तिथून गरज पडली तर डोळ्याच्या कॅन्सरच्या खास सेंटरला. इंग्लंडमध्ये मोठ्यांसाठी अशी सेंटरं तीनच, लंडनचं मूरफिल्ड्स, लिव्हरपूल आणि शेफिल्ड, त्यामुळे एवढ्या लांबचं लेटर आलं तर चुकून आलंय असं समजू नका. दोन्ही डोळ्यांच्या मागे नस सुजलेली दिसली तर मात्र रेफरल-बिफरल नाही, त्याच दिवशी हॉस्पिटलला जायला सांगतात, कारण डोक्यातला दाब वाढलेला असू शकतो. तेव्हा 'आज मीटिंग आहे, उद्या जातो' करू नका.

लहान मुलांचं एक सांगायचंच. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्यात लाल ठिपका येतो आणि दुसऱ्यात पांढरा चमकतो, असं परत परत दिसलं तर फोटो घेऊन लगेच ऑप्टिशियनकडे किंवा जीपीकडे जा. बहुतेकदा कॅमेऱ्याचा कोन असतो, पण क्वचित रेटिनोब्लास्टोमा (लहान मुलांच्या डोळ्याचा कॅन्सर) असतो. त्याची इथे दोनच सेंटरं, रॉयल लंडन आणि बर्मिंगहॅमचं मुलांचं हॉस्पिटल.

ए अँड ई, आणि डिस्चार्ज लेटरमधली ती एक ओळ

पोटात दुखतं म्हणून रात्री ए अँड ईला गेलात, मुतखडा असेल म्हणून सीटी काढला, खडा सापडला आणि वर फुप्फुसाच्या टोकाला एक ठिपकाही सापडला. असं खूप होतं. इंग्लंडमध्ये साधारण पाचातला एक कॅन्सर असा इमर्जन्सीतूनच कळतो.

इथे सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे डिस्चार्ज लेटरमधली ओळ, 'जीपीने अर्जंट रेफर करावे'. म्हणजे ए अँड ईने रेफरल केलेलंच नसतं, फक्त जीपीने करावं असं सुचवलेलं असतं. ते लेटर जीपीकडे पोचणार, कोणीतरी वाचणार, मग रेफरल होणार. तुम्ही मात्र घरी 'हॉस्पिटलने पाठवलंय' समजून वाट बघत बसता. खरं तर एनएचएसच्या स्टँडर्ड काँट्रॅक्टनुसार अर्जंट गोष्टीसाठी हॉस्पिटलचा डॉक्टर आतल्या आत दुसऱ्या डिपार्टमेंटला पाठवू शकतो, प्रत्येक वेळी जीपीकडे परत टोलवायची गरज नाही. तेव्हा निघण्याआधी विचारा, सरळ, 'रेफरल तुम्ही करताय की माझ्या जीपीने करायचंय?' आणि उत्तर 'जीपी' असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जीपीची लाइन उघडली की ते लेटर हातात घेऊन फोन करायचा, रिसेप्शनला सांगायचं की ए अँड ईने सस्पेक्टेड कॅन्सर रेफरल करायला सांगितलंय, डॉक्टरने आजच बघायला हवं.

पहाटे चारला डिस्चार्ज मिळतो तेव्हा कोणाला सुचत नाही हे मान्य, म्हणून निदान लेटर पार्किंगमध्ये बसून वाचा. शेवटचं पान वाचा. महत्त्वाचं सगळं तिथे असतं.

स्क्रीनिंग

यात जीपी जवळपास नसतोच, बोलावणं येतं ते तुम्ही कुठल्यातरी जीपीकडे रजिस्टर आहात म्हणून, एवढाच त्याचा संबंध. ५० ते ७४ वयाला दर दोन वर्षांनी आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं किट घरी येतं, काडीने शौचाचा नमुना घेऊन पोस्टाने पाठवायचं. (आमच्या ओळखीत तीन घरांत हे किट 'नंतर करू' म्हणून बाथरूमच्या कपाटात पडून आहे. करा हो.) ५० ते ७१ मध्ये बायकांना दर तीन वर्षांनी मॅमोग्राम, २५ ते ६४ सर्व्हायकल (गर्भाशयाच्या मुखाची) टेस्ट, आणि ५५ ते ७४ मधल्या, कधीही सिगरेट ओढलेल्या लोकांसाठी फुप्फुसाची तपासणी आता एकेका भागात सुरू होतेय, ती बऱ्याचदा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभ्या ट्रकमध्ये असते, बघून हसू येतं पण आत पूर्ण सीटी मशीन असतं.

काही सापडलं तर पुढचं बोलावणं थेट स्क्रीनिंग सेंटरकडूनच येतं. मॅमोग्रामनंतर १०० पैकी साधारण ४ जणींना परत बोलावतात आणि त्या चौघींत एकीला कॅन्सर निघतो. किट पॉझिटिव्ह आलं तर आधी स्पेशलिस्ट नर्सशी अपॉइंटमेंट, मग कोलोनोस्कोपी (आतड्याची दुर्बिणीने तपासणी). सर्व्हायकलचं असेल तर लॅबमधून सरळ कोल्पोस्कोपी क्लिनिकला, तिथे गर्भाशयाचं मुख दुर्बिणीतून बघतात. लेटरच्या वरच्या कोपऱ्यात स्क्रीनिंग ऑफिसचा नंबर असतो, शंका असेल तर तिथेच फोन.

आणि एक, स्क्रीनिंग हे लक्षणं नसलेल्यांसाठी. किट निगेटिव्ह आलं पण संडासातून रक्त जातंय, तर 'किट तर क्लिअर आलंय' म्हणत बसायचं नाही, जीपीकडे जायचं. जीपी तीच टेस्ट पुन्हा सांगेल पण लक्षणं असलेल्या माणसासाठी त्याचा कट-ऑफ खूप खाली असतो.

दुसऱ्याच कामासाठी गेलात आणि कन्सल्टंटला संशय आला

म्हणजे साधं, रूटीन रेफरल होतं, चार महिन्यांनी नंबर लागला, आणि डॉक्टर बघून म्हणाला याचं मला जरा वेगळं वाटतंय. याला 'कन्सल्टंट अपग्रेड' म्हणतात. तुमचं रूटीन प्रकरण त्या दिवसापासून ६२ दिवसांच्या घड्याळावर येतं, आधीचे चार महिने त्यात धरत नाहीत, आणि २८ दिवसांचं घड्याळ या प्रकाराला लागत नाही. त्यामुळे इथे 'मला अपग्रेड केलंय का, कुठल्या तारखेला' एवढं विचारून ठेवायचं. एक्स-रे किंवा स्कॅनमध्ये सापडलं असेल तर रिपोर्ट ज्याने स्कॅन सांगितला त्याच्याकडे जातो, म्हणून चौकशी त्याच्या सेक्रेटरीकडे. कन्सल्टंटची सेक्रेटरी हा इथला सगळ्यात उपयोगी माणूस. स्विचबोर्डला डॉक्टरचं नाव सांगून 'सेक्रेटरी प्लीज' म्हणायचं.

प्रायव्हेट आणि इंडियातले रिपोर्ट

आयटीवाल्यांना ऑफिसचा इन्शुरन्स असतो, ॲपवरचा डॉक्टर असतो. प्रायव्हेट डॉक्टरसुद्धा तुम्हाला एनएचएसला रेफर करू शकतो, आणि एकदा पैसे देऊन दाखवलं म्हणून एनएचएसचा हक्क जात नाही. पण दोन्हीकडे अर्धं-अर्धं करताना रिपोर्ट मध्येच अडकतात, म्हणून प्रत्येक टेस्टचा कागद स्वतःकडे मागून घ्या. इन्शुरन्सने करायचं असेल तर आधी फोन करून मंजुरीचा नंबर घ्या, टेस्ट झाल्यावर नाही.

आणि सुट्टीत पुण्या-मुंबईला जाऊन 'सगळं चेक करून' येण्याची आपली सवय. तिथे काही सापडलं तर इथे येऊन नुसतं व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफचं पहिलं पान दाखवून उपयोग नाही. पूर्ण रिपोर्ट, स्कॅनची सीडी, आणि बायोप्सी झाली असेल तर लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक (काढलेल्या तुकड्याचे जपलेले नमुने) मागून आणा, इथल्या पॅथॉलॉजिस्टला स्वतः बघायचे असतात. लॅबला अर्ज दिला की देतात, पण निघायच्या आदल्या दिवशी नाही मिळत.

खोलीतून बाहेर पडण्याआधी

कोणीही रेफर करो, दार उघडण्याआधी हे विचारून घ्या आणि फोनमध्ये लिहून ठेवा. कुठल्या हॉस्पिटलला आणि कुठल्या डिपार्टमेंटला? 'अर्जंट सस्पेक्टेड कॅन्सर' म्हणून की नुसतं अर्जंट? हे दोन वेगळे असतात बरं, साधं अर्जंट त्या २८ आणि ६२ दिवसांच्या घड्याळांत येत नाही. आज जाणार की सोमवारी? रेफरलची कॉपी मला मिळेल का? जीपीला कॉपी जाईल का? आणि तुमच्याकडे माझा पत्ता, मोबाइल कोणता आहे, वाचून दाखवता का? हा शेवटचा प्रश्न आम्ही विचारला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. इंग्रजीत विचारताना लाजायचं नाही, एक वाक्य पुरतं, 'इज धिस ॲन अर्जंट सस्पेक्टेड कॅन्सर रेफरल?' आई-बाबांबरोबर गेला असाल आणि त्यांना इंग्रजी जमत नसेल तर इंटरप्रीटर मागा, फुकट असतो, मराठीचाही मिळतो पण आधी सांगावं लागतं, नाहीतर हिंदीचा येऊन बसतो. मुलाने आईसाठी भाषांतर करणं म्हणजे निम्मं गाळणं, मी स्वतः केलंय ते.

फोनची वाट बघायचे दिवस

हॉस्पिटलचा फोन बहुतेक वेळा 'नो कॉलर आयडी' म्हणून येतो. आपण सगळे असले फोन कापतो. हे दोन-तीन आठवडे कापू नका, आणि फोनमध्ये अनोळखी नंबर आपोआप गप्प करायचं सेटिंग असेल तर ते बंद करा. व्हॉइसमेल चालू आहे का बघा. एनएचएस ॲप उघडून बघत जा, बऱ्याच हॉस्पिटलांच्या अपॉइंटमेंट लेटरआधी तिथे दिसतात, सगळ्यांच्या नाही.

पाच-सहा वर्किंग दिवसांत काहीच आलं नाही तर आधी ज्याने रेफर केलं त्याला फोन करा आणि एवढंच विचारा, गेलं का, कुठल्या तारखेला, पोचल्याची पावती आहे का. मग हॉस्पिटलच्या स्विचबोर्डला फोन करून 'कॅन्सर अपॉइंटमेंट्स' किंवा 'टू वीक वेट ऑफिस' मागा, नाव, जन्मतारीख, एनएचएस नंबर सांगा. आमच्या वेळी डेंटिस्टच्या रिसेप्शनवरच्या मुलीने दोन मिनिटांत तारीख शोधून दिली, आणि हॉस्पिटलच्या ऑफिसातली बाई म्हणाली अगं तुमची अपॉइंटमेंट तर होऊन गेली. पत्त्याचा घोळ सांगितल्यावर चौथ्या दिवसाची दिली. लक्षात ठेवा, पहिल्या अपॉइंटमेंटला तुम्ही न सांगता गेला नाहीत तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून, नवी तारीख घेतल्याच्या दिवसापासून मोजतात. आधी फोन करून बदलली तर तसं होत नाही. इंडियाची तिकिटं काढलेली असतील तर रेफर करणाऱ्याला तेव्हाच सांगा, आणि शक्य असेल तर तिकीटच पुढे ढकला.

कोणीच दाद देत नसेल तर त्या हॉस्पिटलच्या 'पाल्स' (पेशंटना मदत करणाऱ्या) ऑफिसला फोन किंवा ईमेल. भांडायची जागा नाही ती, अडकलेली फाइल हलवायची जागा आहे. आणि वाट बघताना नवीन काही झालं, रक्त, गिळता न येणं, दम लागणं, तर अपॉइंटमेंटपर्यंत थांबायचं नाही, १११ (एनएचएसचा सल्ल्याचा नंबर) किंवा ९९९ (इमर्जन्सी).

टेस्टच्या वेळी

पुष्कळदा डॉक्टरला न भेटता सरळ टेस्टचीच तारीख येते, त्याने दचकू नका, वेळ वाचवायला असं करतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, डायबेटिसच्या गोळ्या, इन्सुलिन, आयुर्वेदिक काढे-चूर्णं, सगळं फोनवरच सांगा. कोलोनोस्कोपीआधी लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात. त्यांचं खाण्याचं पत्रक गोऱ्यांच्या जेवणाचं असतं, उकडलेला बटाटा, व्हाइट ब्रेड, चिकन. त्याचं मराठी भाषांतर म्हणजे पांढरा मऊ भात, त्यावर ताक किंवा बिनमसाल्याचं दही, चालेल. पोळी, भाकरी, सालीची डाळ, उसळी, पालेभाज्या, कोशिंबीर बंद. साबुदाण्याची खिचडी 'हलकी' म्हणून खाऊ नका, त्यात दाण्याचं कूट असतं. आणि आदल्या दिवशी ते जुलाबाचं पाणी प्यायला सुरुवात केली की घराबाहेर पडायचा प्लॅन करू नका, एवढंच सांगते.

माझ्या नवऱ्याची बायोप्सी पंधरा मिनिटांची होती, गालात सुई, छोटा तुकडा, दोन टाके. तीन दिवस वरण-भात मिक्सरमधून काढून खाल्ला.

आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर असतील तर

हे कटू आहे पण लिहायला हवं. तुम्ही वर्क व्हिसावर असून हेल्थ सरचार्ज (व्हिसासोबत भरायचं आरोग्यसेवेचं शुल्क) भरलाय तर तुमचं एनएचएस फुकट. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांचं तसं नाही. जीपीला दाखवणं फुकट, ए अँड ईत बघणंही फुकट, पण ॲडमिट केलं किंवा हॉस्पिटलच्या क्लिनिकला पाठवलं की बिल, आणि तेही एनएचएसच्या दराच्या दीडपट. खरंच तातडीची ट्रीटमेंट पैशांसाठी अडवत नाहीत, पण बिल नंतर येतंच, आणि ५०० पौंडांच्या वर थकलं तर होम ऑफिसला कळवलं जातं, पुढचा व्हिसा अडू शकतो. म्हणून संशय आला तर हॉस्पिटलच्या ओव्हरसीज ऑफिसशी आधीच बोला, अंदाजे खर्च लेखी मागा, आणि डॉक्टरला विचारा की विमानाने परत जाण्याइतकी तब्येत आहे का. असेल तर रिपोर्टसकट पुण्या-मुंबईला नेऊन पुढचं तिकडे करणं बहुतेक घरांना परवडतं. लपवून 'बघू पुढे' करू नका.

वेल्स, स्कॉटलंड

वेल्समध्ये मला आवडणारी गोष्ट अशी की ६२ दिवस मोजतात ते संशय आल्याच्या क्षणापासून, तो कोणालाही येवो, जीपी, डेंटिस्ट, ए अँड ई, सगळ्यांना एकच नियम. स्कॉटलंडमध्येही ६२ आणि ३१ दिवसांची टार्गेटं आहेत, २८ वालं इंग्लंडचं. शिवाय तिथे डोळ्यांची तपासणी फुकट.

निकाल

निकाल फोनवर देणार की बोलावून, हे टेस्टच्या दिवशीच विचारा. बोलावलं म्हणजे वाईटच असं नसतं. जाताना कोणालातरी बरोबर न्या आणि त्याला लिहायला लावा. कॅन्सर निघाला तर तुम्हाला एक स्पेशलिस्ट नर्स दिली जाते, तिचा थेट नंबर घ्या, इथून पुढे सगळे प्रश्न तिला. इंग्लंडमध्ये कॅन्सरच्या पेशंटला सगळी प्रिस्क्रिप्शन फुकट असतात, पण आपोआप नाही, एफपी ९२ ए नावाचा फॉर्म जीपीकडून किंवा क्लिनिकमधून भरून घ्यावा लागतो. रात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर सकाळपर्यंत थांबा आणि मॅकमिलन या कॅन्सरच्या पेशंटना मदत करणाऱ्या संस्थेच्या ०८०८ ८०८ ०० ०० वर फोन करा, फुकट आहे, इंटरप्रीटरही देतात.

नाही निघाला तर 'डिस्चार्ज्ड' असं एक ओळीचं लेटर येतं. त्याची कॉपी जीपीकडे गेली का बघा, आणि लक्षण तसंच राहिलं तर सहा आठवड्यांनी पुन्हा जा, 'एकदा बघून झालंय' म्हणून कोणी अडवलं तरी. आमच्याकडे कॅन्सर नाही निघाला, पण पेशींत थोडा बदल आहे म्हणाले, दर सहा महिन्यांनी बघायला बोलावलंय. पहिल्या वेळचं लेटर नव्या पत्त्यावर आलं. सुपारीची डबी मी फेकली, कप होल्डरमध्ये आता बडीशेप असते, आणि पुढची तारीख फ्रिजवर लावलीये, कारण ती मार्चमध्ये आहे आणि हॉस्पिटल आठवण करेल यावर माझा अजून विश्वास बसत नाही.